एका प्लेटला तर्री एकदाच

९ नोव्हें., रविवार

आज उसळ फर्मास. नलूचा वाटाणा बोटाने दाबला की मोडत होता आणि तरीही अख्खा. नेहमीप्रमाणे खाली तिच्या गॅलरीपुढे गिऱ्हाइकांची रांग लागायच्या आधी पहिली किटली वर आमच्याकडे आली. वसंतरावांचं नाव कोरलेली, कडीची. ते गेल्यावर नलूने त्यांचे शर्ट वाटून टाकले, किटली ठेवली. मी ती घासून, आत भाजके शेंगदाणे भरून परत पाठवली. आम्हा दोघींत ती कधी रिकामी परत गेलेली नाही.

ह्यांनी दोन प्लेटी खाल्ल्या. शिवाय खाली जाऊन पुन्हा तर्री घेऊन आले. मग हात पुसून, चष्मा लावून म्हणाले, "शैला, नलूला नोटीस द्यावी लागणार."

ढेकर तरी विरू द्यायचा.

तक्रार चेअरमन किरीटभाईंची. रविवारी सयाजीगंजच्या होस्टेलांतली मुलं बाइकवरून येतात, गेटात गाड्या लावतात, किरीटभाईंची गाडी आतच अडकते. आणि सोसायटीच्या नियमात लिहिलंय, रहिवासी जागेत धंदा नको. हे सेक्रेटरी. रेल्वेच्या स्टोअर खात्यात जन्म गेला, नियम दिसला की ह्यांचा चेहरा उजळतो. अशा दिवशी मी ह्यांना से.सा. म्हणते. सेक्रेटरी साहेब.

"खाल्ल्या मिठाला जागा," म्हटलं. तर म्हणे, मीठ वेगळं, नियम वेगळा.

१० नोव्हें.

खाली नलूकडे बसले होते. तिला कुणकुण लागलीच आहे. गॅलरीच्या कठड्यावर फडकं फिरवत राहिली, एकाच जागी.

तिच्या समीरचा फोन आला होता. आई, हैदराबादला ये, फ्लॅट विकून टाकू, एकटी काय करतेस. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. नलूही तेच म्हणते. "तिथे मला काही कमी नाही ग. फक्त सकाळी उठून काय करायचं, ते नाही."

वसंतरावांची नोकरी खाजगी कारखान्यातली, मागे पेन्शन नाही. रविवारची उसळ आहे तोवर नलूला कुणाकडे हात पसरावा लागत नाही आणि समीरला नाही म्हणता येतं. उसळ बंद तर फ्लॅट बंद, हे तिलाही कळतं, मलाही. नोटिशीत हे कोण लिहिणार.

१३ नोव्हें., गुरु.

चहावर जुंपली. मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवलं, पण नवऱ्याला शिकवायचं राहून गेलं.

त्यांचं म्हणणं: सिलिंडर आहे, आग लागली तर? गाड्यांची गर्दी. खरकटं. आज एकीला सोडलं तर उद्या सगळे डोक्यावर बसतील.

माझं म्हणणं: गाड्या बाहेर लावायला सांगा. सिलिंडर गॅलरीत नको, घरात ठेव म्हणा. खरकटं पडलं तर दंड करा. ज्याचा दुसऱ्याला त्रास, तेवढंच धरा. पण तिने स्वतःच्या गॅलरीत स्वतःच्या हातचं विकलं, त्याने कुणाचं काय गेलं? जिन्यात दिवा, टाकीत पाणी, आणि कुणी कुणाच्या अंगावर धावून जाऊ नये एवढी राखण, कमिटी ह्यासाठी. पुढचं माणसांना करू द्यावं.

"पाणी पाइपातून येतं. उद्या पाइपही नको म्हणशील."

"पाइप हवा. त्या पाण्यात कुठली भाजी शिजवायची ते पाइपाने सांगू नये."

ह्यावर हसले. मग खवचटपणे, "तुझं पेन्शन कुठून येतं ग? बाजारातून?"

शाळा अनुदानावर चालायची, पेन्शन सरकारचं. मुद्दा खरा आहे. त्याचं उत्तर मला अजून धड सापडलेलं नाही, आणि ते ह्यांना ठाऊक आहे म्हणूनच जपून वापरतात.

१६ नोव्हें., रविवार

आज उसळ नाही, मिटिंग. पार्किंगमध्ये खुर्च्या.

किरीटभाई माणूस वाईट नाही, आजारपणात पहिला धावून येतो. पण चेअरमनच्या खुर्चीत बसला की आवाज बदलतो. "शैलाबेन, आजे उसळ, काले कोई वेल्डिंग खोलशे. पछी?"

उद्या कुणी वेल्डिंगचं दुकान काढलं तर, म्हणे. मी उभी राहिले. "वेल्डिंगचा आवाज बंद करावजो, किरीटभाई. कमाणी नहीं."

आवाज थांबवा म्हटलं, कमाई नव्हे. मग विचारलं: ह्या सोसायटीत घरात साड्या कोण विकतं? ट्यूशन कोण घेतं? लोकांचे इन्कमटॅक्सचे कागद कोण भरतं? डब्यांवर खाखरे कोण देतं? आणि सकाळी सव्वानऊला फोन घेऊन बसून शेअर कोण घेतं-विकतं? रहिवासी जागेत धंदा नको, तर हात वर करा. किरीटभाई फोन उलटा करून मांडीवर ठेवत म्हणाले, "ए तो रोकाण छे." गुंतवणूक आहे म्हणे. एकदम हशा. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात से.सा. उठले. घसा साफ केला. म्हणाले, मधला मार्ग आहे. नलूताईंची उसळ सगळ्यांना आवडते, धंदा मात्र नियमाविरुद्ध. तर उसळ कमिटीनेच चालवावी. ना नफा ना तोटा. नलूताईंना मानधन. दर ठरलेला, कूपन, स्वयंसेवक.

टाळ्या! खरंच टाळ्या. मी बघतच राहिले. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या नवऱ्याने, उसळीचं राष्ट्रीयीकरण केलं.

नलू खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही, मी भाषणाच्या धुंदीत होते.

१९ नोव्हें.

उसळ उपसमिती. व्हॉट्सॲपवर वेगळा ग्रुप. सकाळपासून टुंग टुंग. वाटाणा कुठून घ्यायचा ह्यावर मतदान. नलू गेली कित्येक वर्षं मांडवीतल्या एकाच दुकानातून घेते, तो माणूस नव्या-जुन्या मालातला फरक सांगून देतो. उपसमितीने स्वस्त दुकान बहुमताने पास केलं.

ह्यांनी टेबलावर बसून नियम काढले. हिरव्या शाईने एक ओळ अधोरेखित: एका प्लेटला तर्री एकदाच.

"बडोद्यात?" मी म्हटलं. "बडोद्यात, जिथे ती मागेल तितकी फुकट, तर्री मोजणार तुम्ही?"

"ना नफा ना तोट्यात बसत नाही ग. लोक प्लेट एक घेतात आणि तर्री चार वेळा."

अहो, घेतात म्हणूनच येतात. नलूला ते कळतं. कुठला मुलगा उपाशी आलाय, कुणाला नुसतं ओरपायचंय, पाव कधी संपतोय, कधी पाणी वाढवायचं आणि कधी मसाला. हे तिच्या हाताला कळतं, ते ग्रुपवर टाकता येत नाही. म्हणून तर म्हणते की

(दूध उतू गेलं.)

२० नोव्हें.

नलू भेटली जिन्यात. "उसळ माझी आणि पगारदारही मीच?" एवढंच बोलली. समीरला अजून सांगितलेलं नाही.

२३ नोव्हें., रविवार

कमिटीची पहिली उसळ. लिहून ठेवलंच पाहिजे.

वाटाणा जुना निघाला. नलू पहाटेपासून शिट्ट्यांवर शिट्ट्या काढत होती, तरी मधे कच. शेव कुणीतरी सेवाभावाने आदल्या संध्याकाळीच पाकिटं फोडून परातीत काढून ठेवलेली, मऊ पडली. कूपनच्या टेबलाशी रांग, मग उसळीच्या टेबलाशी दुसरी. तर्रीच्या पातेल्याशी से.सा. स्वतः, गळ्यात पंचा, हातात पळी.

होस्टेलच्या एका पोराने प्लेट पुढे केली, "काका, तर्री आपजो ने."

"एकदा घेतलीस ना?"

पोराला कळेचना. त्याला वाटलं काका थट्टा करतायत. हसत पुन्हा प्लेट पुढे. ह्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. त्याने तो वाचला, प्लेट ठेवली, बाइकला किक मारून गेला. मागोमाग चार-पाच गेले.

नलू आत तोंड फिरवून उभी. ती हसत होती की रडत होती, माझ्या जागेवरून दिसलं नाही.

हे वर आले. पंचाने मान पुसत पंख्याखाली बसून राहिले. मला टोमणा मारायचा होता, तयार होता. पण चेहरा बघून नाही मारला. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येकाला त्याचा वाटा मोजून, चोख दिला, त्याच्यासमोर एक पोरगं प्लेट ठेवून निघून गेलं. वाईट वाटलं मला.

किटली आज आलीच नाही. कमिटीच्या नियमात बसत नव्हती.

३० नोव्हें., रविवार

आज निम्मी उसळ उरली. बाहेरचं कुणी आलं नाही, आतलेही खाखऱ्यावर राहिले. उपसमितीची तातडीची बैठक. तोडगा: प्रत्येक फ्लॅटने दर रविवारी किमान दोन कूपनं घ्यायचीच.

बघा. आधी म्हणाले विकायचं नाही. मग म्हणाले आम्हीच विकू. आता म्हणतात, तुम्ही घ्यायचंच. मी हे वर्गात सांगायचे तेव्हा मुलं जांभया द्यायची. इथे पंधरा दिवसांत पार्किंगमध्ये झालं.

नलूने उपसमितीपुढे पळी धुऊन ठेवली. "मला नोकरी नको. माझं मला करू द्यायचं तर द्या, नाहीतर मी चालले हैदराबादला." रात्रीच्या आत समीरला फोनही केला म्हणे. तो तिकिटं बघतोय.

२ डिसें.

हे संध्याकाळी एकटेच खाली गेले, नलूकडे. मला सांगितलं नाही. बऱ्याच वेळाने वर आले, तोंडाला लसणाचा वास.

"चालू दे तिचं तिला. बाइका गेटाबाहेर. सिलिंडर स्वयंपाकघरात. दहाच्या पुढे भांड्यांचा खडखडाट नको. बाकी तिचं ती बघेल."

"आणि धंदा नको त्या नियमाचं?"

"तो काढत नाही. राहू दे. पडून असेल."

मला तिथेच थांबायला हवं होतं, भांडायला हवं होतं. पडून राहिलेला नियम कधी कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. पण मी खूश होते. म्हटलं, कशाला ताणा. किरीटभाईंनीही हरकत घेतली नाही, त्यांनाही मोजक्या तर्रीचे दोन रविवार जड गेले होते.

७ डिसें., रविवार

किटली आली!! वर चिठ्ठी नाही, काही नाही. नुसती काठोकाठ. मी गुळाचा खडा घालून परत पाठवली.

खाली गर्दी. ते प्लेट ठेवून गेलेलं पोरही आलं होतं, ह्यांना बघून थबकलं. ह्यांनी त्याच्याच प्लेटीत स्वतः तर्री ओतली. नंतर पुन्हा. पोर नको नको म्हणत होतं.

२२ डिसें.

समीर येऊन गेला, दोन दिवस. रविवारी सकाळी आईला उठवायला गेला तर आई केव्हाचीच उठून कामाला लागलेली. रांग बघितली, दोन प्लेटी खाल्ल्या, फ्लॅट विकायचं नाव न काढता गेला. जाताना मला म्हणाला, "काकू, लक्ष ठेवा." मी म्हटलं, तीच आमच्यावर ठेवते.

पोंक, म्हणजे आपला हुरडा, आला बाजारात. नलूने मांडवीतून मोठं पातेलं आणलं. दोघींनी मिळून जुनं तिच्याच घरी माळ्यावर चढवलं. कंबर धरली माझी.

११ जाने., रविवार

समोरच्या बी विंगमधली हेतल आली होती. तळमजला, नलूच्या गॅलरीच्या बरोबर समोर. लाजरी मुलगी, आजवर कचरा टाकतानाच काय ती दिसायची. नवऱ्याचं बाजव्याच्या बाजूला प्लँटमध्ये कंत्राटी काम होतं, ते दिवाळीपासून बंद. म्हणाली, "आंटी, मारे पण संडे सेव-उसळ करवी छे. जैन. कांदा-लसूण वगर. परमिशन लेवी पडशे?"

"माझी? मी कोण ग देणारी?"

"तमे बोलेला ने मिटिंगमां. एटले पूछ्यूं."

बोलले होते. छातीवर हात ठेवून बोलले होते. म्हटलं, गाड्या बाहेर, सिलिंडर आत, बाकी तुझं तू बघ. नाचतच गेली. मला तेव्हा फार बरं वाटलं. नलूचा विचार ती गेल्यावर आला.

१४ जाने., उत्तरायण

गच्चीवर सकाळपासून काप्यो छे, काप्यो छे. ऊन, चिक्की, कान किटले. ह्यांच्या बोटाला मांजा लागला, चिकटपट्टी लावून पुन्हा उभे.

नलू तिळगूळ घेऊन आली. गोड बोला म्हणाली नाही. मला टाकीमागे घेऊन गेली.

"तुझ्या माधवरावांना सांग. तो नियम आहे ना अजून. रहिवासी जागेत धंदा नको."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा हातातला तिळगूळ तसाच राहिला.

"नलू, तो नियम तुझ्यावर उगारला होता."

"म्हणून तर माहीत आहे ना मला तो किती लागतो ते." मग एकदम, "मी झगडले तेव्हा ती कुठे होती? पळी मी ठेवली खाली. गिऱ्हाईक मी उभं केलं. आता तयार रांगेत येऊन बसणार ही. आणि कांदा-लसणाशिवाय उसळ? ती काय उसळ आहे?"

"मग भीती कशाची? नाही आवडली तर नाही खाणार लोक."

"आवडली तर?"

म्हटलं, आवडली तर तो त्यांचा हक्क. तिलाही तुझ्यासारखंच घर चालवायचंय. आज हेतलला अडवायचा अधिकार कमिटीला दिला तर उद्या पुन्हा तुझ्यावर तोच. तुला मोकळीक हवी होती, ती फक्त तुला कशी मिळेल?

नलू ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुझ्या पुस्तकातली माणसं हरली की धड्याखाली प्रश्न येतात. मी हरले की हैदराबाद. तुला पेन्शन आहे, शैला. तुला तत्त्व परवडतं."

खाली गेली. वर आकाशात नुसते पतंग आणि मी टाकीला टेकून रडले. कुणी विचारलं तर डोळ्यांत ऊन गेलं सांगणार होते. कुणी विचारलं नाही.

१५ जाने.

वासी उत्तरायण, म्हणजे शिळी संक्रांत. हात कामाला लागत नाहीत.

ह्यांना सांगितलं सगळं. मला वाटलं टिंगल करतील. नाही केली. पण डोळ्यांत जुनी चमक आली. "करता येईल की. एक रविवार नलू, एक रविवार हेतल. पाळी लावू. किंवा एका सोसायटीत एकच उसळ, आधी येणाऱ्याचा हक्क. तू म्हणालीस तर मांडतो कमिटीत."

तू म्हणालीस तर! एवढं सोपं. एक शब्द टाकायचा आणि माझी मैत्रीण माझ्याजवळ राहते. सगळे असेच टाकत असतील एकेक शब्द, आपापल्या माणसासाठी. वाईट म्हणून नाही, प्रेमाने. मला आजवर वाटायचं, सत्तेचा मोह म्हणजे खुर्ची, गाडी. तो असा स्वयंपाकघरात, मऊ आवाजात येतो हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

होही म्हटलं नाही, नाहीही नाही. उद्या सांगते म्हटलं.

१७ जाने., शनि.

ह्यांना नाही म्हटलं. मग खाली जाऊन नलूलाही. उभ्या उभ्याच, बसले असते तर बोलता आलं नसतं. "मी नाही सांगणार ह्यांना. आणि त्यांनी आपणहून मांडलं तर मी विरोधात बोलेन."

ती मसाला भाजत होती. ढवळत राहिली. "बरं," म्हणाली.

ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ जाने., रविवार

दोन गॅलऱ्या, समोरासमोर. हेतलकडे शाह मंडळी, मेहता मंडळी, जी आजवर नलूची उसळ नुसती हुंगत जायची. ते ठीक. पण काही आपलेही तिकडे. किरीटभाई दोन्हीकडे. होस्टेलची पोरं नलूकडेच, पण रांग आखूड.

किटली नाही आली. हे दाराकडे बघत होते. शेवटी पोहे केले.

मी गॅलरीत उभी होते तर दोघींनी वर पाहिलं. मी आत आले. भित्री.

२२ जाने.

खूप विचार केला. माझं म्हणणं चुकलं का? फिरून फिरून त्याच जागी येते. हेतलला अडवणं चूकच. नलूला लागलं तेही खरंच. ह्या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत, नुसत्या शेजारी बसून राहतात. वर्गात मी सांगायचे, स्पर्धेने गिऱ्हाइकाचं भलं होतं, विकणाराही सुधारतो. दीर्घकाळात. नलूकडे दीर्घकाळ आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं.

पण बंदी घालून मैत्रीण टिकवणं, ते तिला तरी पुढे

जाऊ दे.

२५ जाने., रविवार

हेतलकडे गेले. जायलाच हवं होतं, एकीकडचंच खाऊन न्याय कसला करणार. कच्चं केळं आणि आलं घालते. चांगली आहे. वाईट असती तर किती बरं झालं असतं. पैसे घेईना, हट्टाने दिले.

परत येताना नलूच्या गॅलरीवरून. तिने बघितलं, माझ्या हातातल्या प्लेटीकडे. मी, "नलू," म्हटलं. गिऱ्हाईक होतं तिच्यापुढे.

संध्याकाळी समीरचा फोन, मला. "काकू, आई म्हणते होळीनंतर येऊन बघते. काय झालं?" म्हटलं, काही नाही. खोटं बोलले. त्याने तिचं जायचं तिकीट काढलंय, परतीचं अजून नाही.

१ फेब्रु., रविवार

सकाळी वासाने जाग आली. हिरवा लसूण. थंडीतला तो कोवळा, पातीसकटचा, नलू तुपावर परतत होती. ही नवी तर्री. आजवर कधी केली नव्हती तिने, तीच ती वर्षानुवर्षांची करायची. ह्यांनी गॅलरीत जाऊन नाक वर करून वास घेतला, मग माझ्याकडे बघून पेपर उघडला.

समोर हेतलनेही काहीतरी नवं काढलंय, तिच्या गॅलरीतून लिंबाचा वास. दोन्हीकडे रांगा. नलूची थोडी लांबली का? मोजायला गेले नाही.

मी खाली नाही गेले. आपणहून येईल किटली, ह्या आशेवर. पुन्हा पोहे. हे खाताना म्हणाले, "तुझ्या बाजाराने माझी उसळ बंद केली."

हसू आलं, कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

८ फेब्रु., रविवार

आज हे स्वतःच उठले, आपला पितळी डबा घेतला. दारात थांबले. "कुणाकडून आणू?"

जिभेवर आलं होतं नाव. गिळलं. "तुमचं तुम्ही ठरवा."

"आता ठरवा म्हणतेस," म्हणत गेले.

मी गॅलरीत. हे खाली अंगणात, दोन गॅलऱ्यांच्या मध्ये, डबा हातात, सकाळच्या उन्हात. जन्मभर दुसऱ्यांना काय घ्यायचं ते ठरवून देणारा माणूस, बराच वेळ उभा. हेतलने हात केला. ह्यांनीही केला. मग नलूकडे वळले.

नलूने वर बघितलं नाही. डबा घेतला, भरला.

वर आले ते डबा एका हातात आणि दुसऱ्या हातात वसंतरावांची किटली.

"पैसे घेतले तिने," हे म्हणाले. "उसळीचे. सुटे परत दिले."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी खुर्चीवर बसले. किंमत हीच खरी बोली, ती खोटं बोलत नाही, हे मी किती वर्गांना घोकून घेतलं. आणि आज तिने माझ्याकडूनच किंमत घेतली. गिऱ्हाईक झाले मी तिची.

"आणि किटली?"

"तर्रीचे नाही घेतले."

"तर्रीचे ती कुणाकडूनच घेत नाही."

"हो. पण डबा उसळीनेच भरला होता, तर म्हणाली, हिच्यात न्या. दुसरं काही समजू नको म्हणावं शैलाला."

दुसरं काही म्हणजे काय, हे दोघांनाही कळेना. उसळ मात्र... हिरव्या लसणाची. हे तीनदा तर्री ओतून घेत होते, एकदाच म्हणणारे. मी दोनदा. खाताना रडले, तिखट होती म्हटलं.

होळीनंतरच्या तिकिटाचं काही कळलं नाही. विचारायचं धैर्य ह्यांनाही नव्हतं.

दुपारी किटली घासली. ओट्यावर उपडी ठेवली आहे. ती आज ना उद्या परत द्यायलाच हवी आणि रिकामी द्यायची पद्धत नाही आमच्यात. मघापासून सगळे डबे उघडून बघितले. साखर, गूळ, शेंगदाणे, ह्यांच्यासाठी केलेल्या वड्या. हेतलने दिलेली चिक्की पण आहे.

काय घालू तिच्यात, की तिला त्यातलं दुसरं काही समजेल?